आयातकर भरतो कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी इंदूरहून आलेल्या पत्रांतली सहा निवडली आहेत. तेल, सोयाबीन, गहू, गिरण्या, चीन आणि शेव असे विषय आहेत. सरकारने सीमेवर कर किंवा बंदी घातली की पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, हे यातल्या बहुतेक पत्रांत विचारलं आहे.

सोयाबीनला भाव मिळावा म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचा आयातकर वाढवला. आमच्या घरी तेल लगेच महागलं, पण देपालपूरकडे शेती करणाऱ्या माझ्या भावाचं सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. मग हा पैसा गेला कुठे?
– एक गृहिणी, सुदामानगर

ताई, आधी कराची आकडेमोड पाहू. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोया, पाम आणि सूर्यफूल तेलावरचा मूळ सीमाशुल्काचा दर शून्यावरून २० टक्के झाला. त्यावर ५ टक्के कृषी अधिभार आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो. म्हणजे प्रत्यक्ष कर ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेला. समजा कच्चं सोयातेल बंदरावर टनाला ११०० डॉलरला उतरलं आणि डॉलर ८५ रुपयांचा आहे. टनाची किंमत झाली ९३,५०० रुपये. कर २२ टक्क्यांनी वाढला, म्हणजे टनामागे साधारण २०,५०० रुपये, किलोमागे वीस रुपये. वर ५ टक्के जीएसटी. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घराला यात ऐंशी-पंचाऐंशी रुपये जास्त मोजावे लागतात.

आता भावाच्या बाजूने बघा. एक क्विंटल सोयाबीन प्लांटमध्ये गाळलं की अंदाजे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे पेंड, निघते. बाकी घट. तेलाचे वीस रुपये पूर्णच्या पूर्ण शेतकऱ्यापर्यंत पोचले असं धरलं, तरी क्विंटलला फार तर ३६० रुपये वाढतात. उलट पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली की ४०० रुपये जातात, आणि तेलातून आलेलं सगळं पुसलं जातं. २०२४-२५ च्या हंगामात तेच झालं. जगभर पेंड स्वस्त होती. शिवाय देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात सोयापेंडीच्या जागी शिरला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बहुतेक मंड्यांत व्यवहार त्याच्या खालीच होत राहिले. तेलावर कर लावून पेंडीचा भाव चढत नाही, हे आधीच दिसत होतं. सोयाबीन हे मुळात पेंडीचं पीक आहे, तेल त्याचं जोडउत्पादन. करधोरण आखताना हेच विसरलं गेलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग पैसा कुठे गेला? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून बरंच जास्त तेल बाहेरून येतं. त्यावरचा वाढीव कर तिजोरीत गेला. देशात गाळलेल्या तेलाचा भाव आयात तेलाच्या बरोबरीने चढतो, त्यामुळे तो फायदा ज्यांच्याकडे त्या दिवशी साठा होता त्यांना झाला. जुन्या करात माल उतरवून ठेवलेले आयातदार, रिफायनऱ्या, मोठे साठेदार हे ते लोक. शेतकऱ्याच्या नावाने गोळा झालेल्या रकमेतला अगदी थोडा वाटा शेतकऱ्यापर्यंत पोचला.

दुसरं बिघडतं ते माल येण्याच्या रस्त्याचं गणित. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून येणाऱ्या मालाला आपल्याकडे कर माफ आहे. नेपाळात सोयाबीन नावापुरतं पिकतं, तरीही कर वाढल्यावर तिथून भारतात येणाऱ्या रिफाइंड सोयातेलाची आवक कैक पटींनी वाढली. अर्जेंटिनाचं कच्चं तेल आधी काठमांडूच्या दिशेने जातं आणि मग सीमा ओलांडून आपल्याकडे येतं. वाहतुकीचा हा सगळा खर्च केवळ कराने जन्माला घातला.

२०२५ च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरचा मूळ कर १० टक्क्यांवर आणला. प्रत्यक्ष कर १६.५ टक्के झाला, पण रिफाइंडवरचा ३५.७५ टक्के तसाच राहिला. दोहोंतली तफावत ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेली. हे संरक्षण देशातल्या रिफायनऱ्यांना आहे, भावाच्या शेतीला नाही.

भावाला सांगायचं तर इतकंच की त्याने तेलाच्या भावाइतकीच पेंडीच्या भावावर नजर ठेवावी. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना सोपा हिचं कार्यालय इंदूरलाच आहे आणि तिचे भाव पाहायला मिळतात. पेंडीचा किलोभाव गुणिले ८० अधिक तेलाचा किलोभाव गुणिले १८, त्यातून प्लांटचा गाळपखर्च आणि मंडीपर्यंतचं भाडं वजा. त्या आकड्याच्या खूप खाली बोली लागत असेल तर माल थांबवण्यात अर्थ आहे, आकडाच खाली असेल तर थांबून उपयोग नाही. माल वाळवून न्यावा. सरकारी खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा आहे आणि व्यापारीही ओलाव्यापोटी भाव कापतोच. पूर्वी पेरणीआधीच वायदेबाजारात पुढच्या महिन्यांचा भाव दिसायचा. इंदूरच्या नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेडवर सोयातेलाचे वायदे होत, ते देशभर पाहिले जात. २० डिसेंबर २०२१ ला बाजार नियामक सेबीने सोयाबीन आणि त्याच्या उत्पादनांचे वायदे थांबवले आणि त्या बंदीला वारंवार मुदतवाढ दिली. शेतकऱ्याला पुढचा भाव दिसू न देण्याने त्याचं नेमकं काय भलं झालं, याचं पटण्याजोगं उत्तर आम्हाला कुठेही मिळालेलं नाही.

मध्य प्रदेशातली भावांतर योजना खुल्या बाजाराच्या तत्त्वात बसते का?
– निवृत्त बँक अधिकारी, तिलकनगर

या योजनेत शेतकरी माल मंडीत विकतो आणि भाव हमीभावापेक्षा कमी पडला तर फरक सरकार देतं. सरकारी खरेदीपेक्षा ती नक्कीच बरी. माल सरकारी गोदामात सडत नाही, व्यापाऱ्याकडे जातो आणि प्लांटला कच्चा माल बाजारभावाने मिळतो. पण तिची रचना समजून घ्यायला हवी. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. मंड्यांच्या सरासरीवरून एक मॉडेल भाव काढतात. तो ४,१०० निघाला असं धरू. ज्याने ४,३०० ला विकलं त्याला हमीभाव आणि त्याचा विक्रीभाव यांतला फरक मिळतो, १,०२८ रुपये. ज्याने ३,८०० ला विकलं त्याला मात्र हमीभाव आणि मॉडेल भाव यांतलाच फरक मिळतो, म्हणजे १,२२८. त्याची एकूण रक्कम ५,०२८ होते, ३०० रुपये कमी पडतात. हे जाणूनबुजून केलं आहे, नाहीतर कागदावर खोटा कमी भाव दाखवून फरक उकळता आला असता.

दोष विक्रीच्या मुदतीत आहे. ठरावीक तारखांच्या आतच विक्री धरायची म्हटलं की सगळे एकदम मंडीत येतात आणि आवक तुंबते. व्यापाऱ्यालाही माहीत असतं की शेतकऱ्याला उरलेले पैसे सरकार देणार आहे, म्हणून घासाघीस ढिली पडते. विक्री वर्षभर कधीही करू द्यावी आणि फरकाची रक्कम प्रत्यक्ष विक्रीऐवजी पेऱ्याच्या क्षेत्रावर द्यावी, तर भाव बाजार ठरवेल आणि शेतकरी आपली वेळ स्वतः निवडेल. बोगस पेरा दाखवला जाण्याचा धोका त्यातही आहे, पण पेरा उपग्रहाच्या चित्रात तपासता येतो, मंडीतली चिठ्ठी तपासणं त्याहून अवघड.

गव्हाची निर्यात बंद केली नसती तर गरिबाच्या ताटातली पोळी महागली नसती का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, रामबाग

काही काळ महागली असती. हे नाकारून चालणार नाही. पण बंदीनंतर काय झालं तेही पाहा.

१३ मे २०२२ ला निर्यात अचानक थांबवली. माळव्यातून निघालेले ट्रक कांडला बंदराबाहेर रांगेत अडकले. त्या वर्षीचा हमीभाव २,०१५ रुपये होता, बाजार त्याच्या वर चालला होता आणि कित्येक वर्षांनी शेतकऱ्याला सरकारच्या दारात न जाता चांगला भाव मिळत होता. बंदीने तो खाली ओढला. तरीही पुढच्या जानेवारीपर्यंत गहू पुन्हा चढला, इतका की सरकारला आपल्या फूड कॉर्पोरेशनच्या (अन्न महामंडळाच्या) साठ्यातून तीस लाख टन खुल्या बाजारात काढण्याचा निर्णय घ्यावा लागला. जून २०२३ मध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. मूळ अडचण मार्चमधल्या उष्म्याने उतारा घटल्याची होती. बंदीने एकही पोतं जास्त पिकलं नाही.

आणखी एक विसंगती आहे. निर्यात बंद ठेवताना गव्हाच्या आयातीवर ४० टक्के कर तसाच होता. दोन्ही दारं बंद ठेवल्यावर भाव फक्त घरातल्या पिकावर आणि घरातल्या साठ्यावर ठरतो, म्हणजे एका वाईट हंगामात तो उसळणारच. आयात खुली असती तर परदेशातून माल उतरवण्याचा खर्च हीच भावाची वरची मर्यादा ठरली असती. गरिबासाठी रेशन आहेच, आणि कमी पडलं तर थेट खात्यात पैसे द्यावेत. तो बोजा सगळ्या करदात्यांवर पडावा, एकट्या गहू पिकवणाऱ्यावर नव्हे.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हाच मुद्दा अनेक वर्षं लावून धरला होता. इतर देश शेतकऱ्याला अनुदान देतात, आपल्याकडे बंद्या आणि लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी) लावून त्याला उणं अनुदान दिलं जातं, असं ते सांगत. भारताने जागतिक व्यापार कराराच्या वेळी १९८६ ते १९८८ या काळासाठी दाखल केलेल्या आकड्यांतही पिकांना मिळणारा आधार एकूण उणाच निघाला होता. त्यांच्या बाजूने सरकारी कागदच बोलत होता.

खुल्या अर्थव्यवस्थेमुळे इंदूरच्या कापड गिरण्या बुडाल्या, असं आमच्या घरात कायम म्हटलं जातं. खरं आहे का?
– गिरणी कामगाराचा मुलगा, मालवा मिल परिसर

तुमच्या घराने जे सोसलं त्याबद्दल दुमत नाही. पण कारण दुसरं आहे, आणि ते वर्षं जुळवून पाहिलं की कळतं. मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या गिरण्या आजारी ठरून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्र निगमाकडे गेल्या त्या सत्तरच्या दशकात. हुकुमचंद मिल बंद पडली ती नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. आणि परदेशी कपड्यांसकट बहुतेक उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची बंधनं उठली ती थेट १ एप्रिल २००१ ला. म्हणजे गिरण्या आजारी पडल्या तेव्हा परदेशी कापडाला बाजार खुला नव्हता.

मग मारलं कोणी? १९५६ मध्ये सरकारने गिरण्यांतल्या मागांची संख्या गोठवली. हातमागाला वाचवणं हा हेतू होता. ती जागा हातमागाने नाही, यंत्रमागाने घेतली. भिवंडी, इचलकरंजी आणि आपल्याच राज्यातलं बऱ्हाणपूर अशी वाढली. यंत्रमागवाल्याला कर कमी, कामगार कायदे जवळपास नाहीत. गिरणीला मात्र नियंत्रित भावाचं कापड तोट्यात विणून द्यावं लागे. लोकांना टिकाऊ सिंथेटिक कापड हवं होतं, पण कृत्रिम धाग्यावर जबर उत्पादन शुल्क होतं, ते १९८५ च्या वस्त्रधोरणानंतर हळूहळू उतरलं. १९७६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात बदल होऊन ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागू लागली, पुढे ती मर्यादा १०० वर आली. परवानगी मिळत नसे. मालक नवी यंत्रं घेत नसे, कारण अडचणीत सापडल्यास बाहेर पडायचा रस्ता नव्हता. त्याने वीजबिल थकवलं, भविष्यनिर्वाह निधी थकवला, आणि शेवटी कुलूप लावलं.

ज्या कायद्याने कामगाराची नोकरी वाचवायची होती त्याने त्याची देणीही बुडवली. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांना २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडावं लागलं, तीस वर्षं उलटून गेल्यावर. तोवर कितीतरी जण हयात नव्हते, त्यांच्या विधवांनी ते पैसे घेतले. गिरणी वेळेत, खुलेपणाने बंद झाली असती, जमीन आणि यंत्रं विकून वर्षभरात देणी चुकती झाली असती, तर त्याच माणसाने चाळिशीत दुसरं काही उभं केलं असतं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात आता गिरणी मोडीत काढून विकली गेली तर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने उभी राहतात. ही तरतूद चाळीस वर्षं आधी हवी होती.

चीनशी आपला व्यापार इतका तोट्यात आहे. हा देशाचा सरळ तोटा नाही का?
– हार्डवेअर व्यापारी, सियागंज

दुकानाचा तोटा आणि देशाची व्यापारतूट या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४-२५ मध्ये चीनशी मालाच्या व्यापारात आपली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती, आणि त्याच वर्षी अमेरिकेशी सुमारे ४१ अब्ज डॉलरचं आधिक्य, म्हणजे आपली निर्यात आयातीपेक्षा तेवढी जास्त. दोन्ही आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. पीथमपूरचा औषध कारखाना रसायनं चीनकडून घेतो आणि गोळ्या अमेरिकेला विकतो. रसायनावर कर लावला की गोळी महागते आणि निर्यात घटते. सेवा, परदेशस्थ भारतीयांनी पाठवलेले पैसे असं सगळं धरलं तर त्या वर्षी देशाची चालू खात्यावरची तूट सकल उत्पादनाच्या फक्त ०.६ टक्के होती, आणि ती बहुतांशी परदेशी भांडवलाने भरून निघाली.

एका मुद्द्यावर मात्र तुमची काळजी रास्त आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा वाहन कारखाने अडचणीत आले. यावर उपाय दुसरा-तिसरा पुरवठादार आणि काही महिन्यांचा साठा. सगळ्याच चिनी मालावर सरसकट कर लावला तर तुमच्या दुकानातला स्क्रूही महागेल आणि चुंबक तरीही मिळणार नाही.

अमेरिकेने कर लावला म्हणून आपणही लावावा, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर कर लावला. मशीन महागलीच, पण ज्यावर कर नव्हता तो कपडे वाळवायचा ड्रायरही तितकाच महागला, कारण लोक दोन्ही जोडीने घेतात. अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात एका नव्या नोकरीमागे ग्राहकांनी आठ लाख डॉलरहून जास्त मोजल्याचं दिसलं. ही चूक आपण आपल्या ग्राहकावर कशाला लादायची?

घरगुती उद्योगातून शेव आणि मिक्स्चर करते. अमेरिकेत पाठवायचं आहे. कुठून सुरू करू आणि कुठे अडकेन?
– एक उद्योजिका, लोकमान्यनगर

पहिलं, आयात-निर्यात कोड. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये, काही बदललं नसलं तरी, तो अद्ययावत करावा लागतो. हे राहिलं की कोड निष्क्रिय होतो आणि माल बंदरावर असताना ते कळतं. मग बँकेकडून एडी कोडचं (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिच्या कोडचं) पत्र घेऊन तो सीमाशुल्काच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा. जीएसटी पोर्टलवर दर आर्थिक वर्षाला आरएफडी-११ या अर्जात हमीपत्र भरा, म्हणजे कर न भरता माल बाहेर जातो. नाहीतर आधी कर भरा आणि परताव्याची वाट बघत भांडवल अडकवा. निर्यातीसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना लागतो, राज्याचा चालत नाही. अपेडा या शेतमाल व खाद्यपदार्थांच्या निर्यात प्राधिकरणाची नोंदणीही करून घ्या.

अमेरिकेच्या बाजूने तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी, तिथे राहणारा एजंट आणि प्रत्येक खेपेची पूर्वसूचना लागते. नोंदणीचं नूतनीकरण सम वर्षात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतं.

नवखे लोक बहुधा लेबलवर अडकतात. ॲलर्जी होऊ शकणारे घटक तिथे लेबलवर लिहावेच लागतात. शेंगदाणा आणि गहू तर लिहायचेच, १ जानेवारी २०२३ पासून तीळही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणून निव्वळ बेसनाच्या शेवेवरही गहू लिहावा लागतो. शेव घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळली असेल तर शेंगदाणा नोंदवणं आवश्यक आहे, पूर्ण रिफाइंड तेलाला तिथे सूट आहे. तिखटाच्या प्रत्येक लॉटची कृत्रिम रंगासाठी प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल जपून ठेवा.

दुसरी अडचण वासाची. उन्हाळ्यात कंटेनर आतून प्रचंड तापतो आणि तळलेलं तेल खवट होतं. साध्या प्लॅस्टिक पिशवीत पाठवू नका. धातूचा थर असलेलं लॅमिनेट आणि आत नायट्रोजन भरणं हे खर्चिक वाटेल, पण परत आलेल्या एका खेपेपेक्षा स्वस्त आहे. पॅकिंगआधी शेव पूर्ण गार होऊ द्या, कोमट भरली तर आत दमटपणा धरतो.

पैशाबाबत पहिल्या दोन-तीन खेपा आगाऊ रकमेवरच करा. नंतर उधारी द्यायची झाली तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, ग्राहकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा घ्या. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर न्हावा शेवाला इतरांच्या मालाबरोबर एकत्र पाठवणारा एजंट मिळतो, आणि पाच-दहा किलोचे नमुने टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून जाऊ शकतात. भाव सांगताना तो पीथमपूरजवळच्या टीही कंटेनर डेपोपर्यंतचा, मुंबई बंदरापर्यंतचा की न्यूयॉर्कपर्यंतचा, हे बिलावर स्पष्ट लिहा. अमेरिकेतला आयातकर ग्राहक भरणार असं ठरलं असेल तर तेही त्याच ओळीत लिहून त्याची मेलवर संमती घ्या, आणि त्यानंतरच भट्टी पेटवा.